पहिली फेरी : लीला राव आणि तलवार हाती घेतलेल्या मुली

(गेवराई येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो एका मुलीने मला दिला. नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे. शाळेत शिकते, तलवारबाजी खेळते. विभागीय स्पर्धेत निवड झाली, राज्य पातळीवर गेली. तिथे पहिली लढत जिंकली, दुसरी हरली. परत आल्यावर ती आणि तिचे वडील एका प्रमाणपत्रावर सही घ्यायला माझ्याकडे आले होते. वडील साधे, कष्टाचे माणूस. ते म्हणाले, "सर, जिंकली असती तर गोष्ट वेगळी होती. आता बास करावं म्हणतो." मुलगी काही बोलली नाही. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "सर, दुसऱ्या फेरीत हरलं म्हणजे पहिली फेरी वाया गेली का?"

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मोठमोठे प्रश्न फळ्यावर लिहिले. पण हा प्रश्न मला तेव्हा तिथे सोडवता आला नाही. "नाही गं, वाया कसं जाईल," असं काहीतरी बोललो. ते उत्तर नव्हतं, समजूत होती. उत्तर शोधायला मी पुस्तकांत शिरलो, आणि जे सापडलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. तलवार आपल्याला नवी नाही. आपल्याच तालुक्यात, गोदेच्या काठी, 10 ऑगस्ट 1763 रोजी राक्षसभुवनची लढाई झाली. माधवराव पेशवे तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. पण मुलीच्या हातातली तलवार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे झाशीच्या राणीचं चित्र येतं, आणि विचार तिथेच थांबतो. खेळातली तलवारबाजी वेगळी. तिच्यात तीन हत्यारं असतात. फॉइल, एपे आणि सेबर. फॉइल हलकं असतं, अर्ध्या किलोच्या आतलं. त्याचं फक्त टोक टेकवायचं, आणि तेही प्रतिस्पर्ध्याच्या धडावर. हाताला, पायाला, डोक्याला लागलं तर गुण नाही. एपेमध्ये सगळं अंग चालतं. सेबरमध्ये कंबरेच्या वरचा भाग, आणि टोकाबरोबर पात्याचा वारही चालतो.

आता गंमत बघा. ऑलिंपिकमध्ये बायकांना तलवारबाजीत पहिला प्रवेश मिळाला 1924 साली, पॅरिसला. कशात? फक्त फॉइलमध्ये. पुरुषांना तिन्ही हत्यारं, बायकांना एक. कारण ते हलकं, नाजूक, बायकांना शोभणारं. एपे मिळायला 1996 साल उजाडावं लागलं, सेबर मिळायला 2004. म्हणजे दार एकदम उघडलं नाही. फटीएवढं उघडलं, आणि ती फट रुंद व्हायला ऐंशी वर्षं लागली.

त्या 1924 च्या स्पर्धेत डेन्मार्कच्या एलेन ओसियर जिंकल्या. त्याच स्पर्धेत अमेरिकेकडून ॲडेलाइन गेरिग नावाच्या बाई होत्या. अमेरिकेत बायकांची फॉइलची राष्ट्रीय स्पर्धा 1912 साली सुरू झाली होती. गेरिगबाईंनी ती 1920 पासून 1923 पर्यंत सलग चार वर्षं जिंकली. मायदेशात त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं. पॅरिसला मात्र पदक मिळालं नाही. नंतर मॅरियन लॉइड नावाच्या बाई आल्या. 1932 साली लॉस एंजलिसला त्या अंतिम गटापर्यंत पोचल्या. तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या अमेरिकन महिला. पदक त्यांनाही नाही.

मग पदक कधी मिळालं? 2004 साली, अथेन्सला. मॅरिएल झॅगुनिस या मुलीने सुवर्ण जिंकलं, तेही सेबरमध्ये, म्हणजे जे हत्यार बायकांना त्याच वर्षी पहिल्यांदा मिळालं त्यात. आणि फॉइलचं वैयक्तिक सुवर्ण? ली कीफरने ते टोकियोला, 2021 साली मिळवलं. 1924 ते 2021. मोजा. सत्त्याण्णव वर्षं. पैसा, क्लब, प्रशिक्षक, विद्यापीठं, सगळं असलेल्या देशाला एवढा वेळ लागला. आणि आपण एका पोरीला एका स्पर्धेनंतर म्हणतो, "बास."

(मागून एकजण : "सर, ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडचं सांगा.")

सांगतो. त्यासाठीच आलोय. त्या काळात आपल्याकडे बायकांच्या हातात फॉइल नव्हतं. पण त्याच्या जवळची एक गोष्ट आहे. हत्यार वेगळं, लढाई तीच. ती आहे लीला राव यांची.

किती जणांनी हे नाव ऐकलंय? हात वर करा. बरं. कुणीच नाही. मीही साठी उलटल्यावरच ऐकलं, तेव्हा तुम्हाला दोष नाही.

लीला राव यांचा जन्म 1911 चा. मुंबईच्या. टेनिसपटू. 1934 साली त्या इंग्लंडला विम्बल्डनच्या स्पर्धेत महिला एकेरीत उतरल्या आणि पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल या खेळाडूला हरवलं. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा ॲडमॉफकडून त्या हरल्या. पुढच्या वर्षी परत गेल्या, तेव्हा पहिल्याच फेरीत हरल्या. विम्बल्डनचा हिशेब एवढाच. एक विजय.

1934 साल डोळ्यांपुढे आणा. आपलं गेवराई तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मुंबई इंग्रजांकडे. कायदेभंगाची चळवळ नुकतीच ओसरत होती. विलायतेला जायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे बोटीत. आणि खेळायचं कुणाच्या अंगणात? राज्यकर्त्यांच्या. टेनिस हा तेव्हा साहेबांचा, जिमखान्यांचा खेळ. त्यातही बाई. भारताकडून ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली स्त्रीसुद्धा टेनिसचीच, नोरा पॉली, 1924 साली, पॅरिसलाच. पण नावावरून कळेल की ती साहेबांच्याच समाजातली. लीलाबाई या मातीतल्या. हा फरक लक्षात ठेवा.

आता माझा खरा मुद्दा. लीला राव विम्बल्डनला पोचल्या कशा? हिंमत होती, कौशल्य होतं, ते तर झालंच. पण हिंमत असलेल्या मुली त्या काळी फक्त मुंबईत होत्या का? आपल्या गोदाकाठी नव्हत्या? होत्या. मग लीलाबाईंकडे असं काय होतं जे त्यांच्याकडे नव्हतं? ते बघायचं तर त्यांच्या घरात दोन पिढ्या मागे जावं लागेल.

त्यांचे आजोबा, आईचे वडील, शंकर पांडुरंग पंडित. मूळचे सावंतवाडीकडचे. वारकरी मंडळींनी हे नाव नीट ऐकावं. तुकोबांच्या अभंगांची जुनी हस्तलिखितं जमवून, ताडून, 1869 आणि 1873 साली इंदुप्रकाश छापखान्यातून जी गाथा दोन खंडांत निघाली, ती विष्णुशास्त्री पंडित यांनी शंकररावांच्या देखरेखीखाली सिद्ध केली. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्या वापरल्या. हेच विष्णुशास्त्री विधवाविवाहाच्या चळवळीचे पुढारी. शंकररावांनी कालिदासाची नाटकं संपादित केली, सायणभाष्यासह अथर्ववेद संपादित केला, 'वेदार्थयत्न' नावाचं मासिक चालवलं. 1894 साली ते वारले.

त्यांची मुलगी क्षमा तेव्हा चार वर्षांचीसुद्धा नव्हती. जन्म 1890 चा, पुण्याचा. वडिलांचा सहवास मिळाला नाही, पण वडिलांची भाषा तिने पुढे स्वतः कमावली. याच पंडिता क्षमाबाई राव. मुंबईचे नामांकित डॉक्टर राघवेंद्र राव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. क्षमाबाईंनी संस्कृतात लिहायला घेतलं, आणि विषय कोणता निवडला? गांधीजींचा सत्याग्रह. 'सत्याग्रहगीता' हे त्यांचं काव्य 1932 साली छापलं गेलं ते पॅरिसला, कारण इथे इंग्रजांच्या राज्यात ते छापणं जोखमीचं होतं. पुढे त्यांनी वडिलांचं चरित्र संस्कृत पद्यात लिहिलं. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांचीही चरित्रं लिहिली.

आणि ही संस्कृत पंडिता स्वतः टेनिस खेळायची! नुसती हौस म्हणून नाही, स्पर्धांमध्ये खेळायची आणि बक्षिसं मिळवायची. आता बघा, लीला नावाच्या मुलीने पहिल्यांदा बाईच्या हातात रॅकेट पाहिली ती कुणाच्या? आईच्या. "मुलीने खेळावं का?" हा प्रश्न त्या घरात आईने आधीच सोडवून टाकला होता. मुलीला फक्त "कसं खेळावं" एवढ्याचाच विचार करायचा होता.

हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडच्या मुलीची निम्मी ताकद पहिल्या प्रश्नात जाते. खेळू का? जाऊ का? हाफ पँट घालू का? रात्री उशिरा आले तर चालेल का? लोक काय म्हणतील? मैदानावर पोचेपर्यंत ती दमलेली असते. लीलाबाई ताज्यातवान्या पोचल्या.

इथे कुणी म्हणेल, "सर, डॉक्टरांची मुलगी. पैसेवाल्या घरातली. तिचं कौतुक आम्हाला कशाला?" बरोबर आहे. मी ते लपवत नाही. पैसा होता, इंग्रजी होतं, मुंबई होती, वरचा समाज होता. हे नसतं तर बोटीचं तिकीटही निघालं नसतं. पण म्हणूनच मी ही गोष्ट सांगतोय. आपण पहिल्या माणसाची गोष्ट अशी सांगतो, की ती एकटी उठली, एकटी लढली, जगाला तिने हरवलं. ऐकायला छान वाटतं, पण त्या गोष्टीने आपली सुटका होते. एकटीने केलं म्हटलं की आपल्याला काही करायचं उरत नाही. आपण फक्त वाट पाहायची, अशी एखादी पुन्हा कधी जन्माला येते ते. खरी गोष्ट अशी, की ती पहिली फेरी तीन पिढ्यांनी मिळून जिंकली. आजोबांनी घरात विद्या आणली, आईने बाईच्या हातात रॅकेट आणली, मग मुलगी कोर्टावर गेली.

हरल्यावर लीलाबाईंचं काय झालं? त्या खेळत राहिल्या. इथल्या अखिल भारतीय स्पर्धा अनेकदा जिंकल्या. पुढे हरीश्वर दयाळ या सनदी अधिकाऱ्याशी लग्न झालं. ते नेपाळमध्ये भारताचे राजदूत होते. लीलाबाई नृत्यावर लिहू लागल्या. आईच्या कथा-काव्यांवरून त्यांनी संस्कृत नाटकं लिहिली. म्हणजे ज्या हाताने विम्बल्डनला रॅकेट धरली, त्याच हाताने पुढे आईचं काम चालवलं. हरलेल्या माणसाचं आयुष्य दुसऱ्या फेरीत संपत नाही, एवढं तरी यातून दिसतं.

पण गोष्टीला कडू बाजूही आहे. 1968 पासून मोठ्या टेनिस स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंना खुल्या झाल्या. त्या नव्या युगात ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय मुलगी निरुपमा वैद्यनाथन. साल 1998, ऑस्ट्रेलियन स्पर्धा. लीलाबाईंनंतर चौसष्ट वर्षांनी आपण पुन्हा "पहिली, पहिली" म्हणून टाळ्या वाजवत होतो. असं का झालं? कारण लीलाबाईंच्या मागे एक घर होतं, पण देशात तशी व्यवस्था नव्हती. घराची ताकद एका मुलीपुरती पुरते. शंभर मुलींना पुरायची तर घराचं काम गावाने, शाळेने, सरकारने करावं लागतं.

मला हे पटलं ते आणखी एका मुलीमुळे. ही गोष्ट आपल्या मुलीला जास्त जवळची आहे, कारण ती तलवारबाजीचीच आहे.

चेन्नईची भवानी देवी. वडील देवळात पुजारी, आई गृहिणी. शाळेत वेगवेगळ्या खेळांसाठी नावं घेत होते. ती गेली तेव्हा बाकीच्या खेळांतल्या जागा भरल्या होत्या, तलवारबाजी उरली होती. तिने तीच घेतली. खरी तलवार महाग, म्हणून सुरुवातीला बांबूच्या काठ्यांवर सराव. परदेशी स्पर्धांसाठी आईने कर्ज काढलं, दागिने गहाण ठेवले. नंतर केरळात तलश्शेरीच्या सरकारी केंद्रात प्रशिक्षण मिळालं, आर्थिक मदत मिळू लागली, इटलीत जाऊन शिकता आलं. आणि टोकियोला, 2021 साली, ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज ठरली. हत्यार सेबर. होय, बायकांना सगळ्यात शेवटी मिळालेलं तेच.

पहिली लढत तिने ट्युनिशियाच्या मुलीविरुद्ध 15-3 अशी जिंकली. दुसरी फ्रान्सच्या मॅनन ब्रुनेकडून 15-7 अशी हरली.

काही लक्षात आलं का? लीलाबाई, 1934, पहिली फेरी जिंकल्या, दुसरीत फ्रान्सच्या खेळाडूकडून हरल्या. भवानी, 2021, हुबेहूब तेच. हरल्यावर भवानीने काय केलं? देशाची माफी मागितली. मंडळी, ते वाचून मला वाईट वाटलं. बांबूच्या काठ्यांपासून टोकियोपर्यंत आलेली मुलगी आमची माफी मागते. माफी कुणी कुणाची मागायची?

पण ती थांबली नाही, हे महत्त्वाचं. 2023 साली चीनमध्ये वूशीला आशियाई स्पर्धा झाली. तिथे तिने जपानच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवलं आणि कांस्य मिळवलं. आशियाई स्पर्धेतलं भारताचं तलवारबाजीतलं ते पहिलं पदक. टोकियोनंतर तिच्या घरच्यांनी "बास" म्हटलं असतं, तर हे पदक नसतं.

आता माझ्या विषयाचे दोन शब्द, घाबरू नका, दोनच. ॲरिस्टॉटलने कृतींचे दोन प्रकार सांगितलेत. एक, घर बांधण्यासारखी. छत पडेपर्यंत ती अपुरीच. दुसरी, पाहण्यासारखी. तुम्ही पाहता त्याच क्षणी पाहणं पुरं झालेलं असतं. तुमची मुलगी चांगली लढत खेळते तेव्हा ती दुसऱ्या प्रकारची कृती करत असते. ती लढत तेव्हाच पुरी झाली. पुढच्या पराभवाने मागची लढत पुसली जात नाही. हे मुलीच्या प्रश्नाचं उत्तर.

पण वडिलांचाही एक प्रश्न आहे, त्यांनी तो विचारला नसला तरी. त्यांच्या दृष्टीने मुलीचा खेळ म्हणजे घर बांधणं आहे. पैसा लागतो, वेळ लागतो, आणि छत कधी पडेल ते दिसत नाही. त्यांना ॲरिस्टॉटल सांगून भागत नाही. संभाजीनगरला सरावाला जायचं तर एसटीने जाऊन येऊन दिवस मोडतो. 2023 पासून बायकांना तिकीट निम्मं झालं, पण सोबत जाणाऱ्या बापाला नाही. मास्क, जाकीट, पातं, सगळ्याला पैसे. हंगामात माणसं ऊसतोडीला गेली की पोरगी आजीजवळ. अशा बापाने "बास" म्हटलं तर त्याला मागासलेला म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. त्याच्याकडे शंकर पांडुरंग पंडितांचं घर नाही. ते घर आपण व्हायचं आहे.

म्हणून नुसतं व्याख्यान देऊन जात नाही. माझ्याकडे तीन कामं आहेत. एक, आठवड्यातून दोन दिवस सरावाला जाणाऱ्या मुलींबरोबर एक मोठं माणूस हवं. निवृत्त माणसांकडे वेळ भरपूर असतो, माझं नाव पहिलं लिहा. दोन, साहित्य सामायिक ठेवायचं. एक मास्क चार मुलींना चालतो, मापं बघून घ्यायची. तीन, आणि हे बायाबापड्यांना सांगतो. तुमच्यापैकी ज्या शाळेत खो-खो, कबड्डी, लेझीम खेळलात, त्यांनी मुलींच्या सरावाला एकदा तरी मैदानावर या. खेळलं नाही तरी चालेल, उभ्या राहा. क्षमाबाईंनी लीलाला जे दिलं त्यातलं एवढं तर विनापैशांचं आहे.

ती मुलगी आज सभागृहात नाही, परीक्षा चालू आहे. वडील आलेत, मागच्या ओळीत बसलेत. त्यांना मी काही विचारणार नाही, चारचौघांत विचारणं बरं नाही. सभा संपली की मी चहाच्या टपरीपाशी थांबतो. ज्यांना वरच्या कामात यायचंय त्यांनी तिथे नावं द्या.

प्रश्न असतील तर घेऊ.